दुबार पेरणी

शिकागो, ऑक्टोबर २०२५

सप्टेंबर संपला की अमेरिकी बेसबॉलची साखळी संपते आणि बाद फेरी सुरू होते. आमचा संघ तिच्यात नसतो, आमची माणसं मात्र असतात. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी बॉस्टनच्या गॅरेट क्रोशेनं न्यूयॉर्कमध्ये जाऊन यांकीजच्या फलंदाजांना अकरा वेळा 'स्ट्राइक आउट' केलं आणि बॉस्टननं सामना ३-१ असा खिशात घातला. मागच्या डिसेंबरपर्यंत हा क्रोशे आमचा होता. दुसऱ्याच दुपारी इथल्या रिग्ली फील्डवर सॅन डिएगोकडून डिलन सीस चेंडू घेऊन उभा राहिला आणि शिकागो कब्जना त्या दिवशी एकही धाव करता आली नाही. तोही आमचाच. माझे शेजारी निवृत्त बसचालक आहेत, ऐंशीच्या घरातले. त्यांनी दोन्ही सामने टीव्हीचा आवाज बंद करून पाहिले. विकलेल्या वाड्यासमोरून जाताना खिडक्यांत दुसऱ्यांचे दिवे दिसावेत, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

आमचा संघ म्हणजे शिकागो व्हाइट सॉक्स. या शहरात दोन संघ आहेत. उत्तरेकडचे कब्ज पर्यटकांचे, पोस्टकार्डांचे. दक्षिणेकडचे सॉक्स कामगार वस्त्यांचे. मी २०१६ साली आयआयटीत शिकायला आलो. पवईच्या नव्हे, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या. तिथे मराठी मुलं चिकार, आणि कॅम्पसपासून सॉक्सचं मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. क्रिकेटची भूक भागवायला गेलो आणि अडकलो. मुहूर्त मात्र असा लागला की माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मालकांनी दुकान विकायला काढलं.

इथे या प्रकाराला 'रीबिल्ड' म्हणतात, म्हणजे पुनर्बांधणी. संघ मधल्यामध्ये घुटमळत राहिला, जिंकेना आणि धड बुडेनाही, की व्यवस्थापन चांगले, महागडे खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकतं आणि बदल्यात त्यांची अठरा-वीस वर्षांची होतकरू पोरं घेतं. ती खालच्या लीगमध्ये तयार होईपर्यंत तीन-चार वर्षं वरचा संघ हरत राहतो. वाण्याच्या दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते. ही पाटी उलटी वाचायची. तिकीट मात्र प्रेक्षकानं आजच्या भावानंच काढायचं.

आयपीएलमध्ये माणसाची बोली पैशांत लागते. इथे मुख्य व्यवहार माणसाच्या बदल्यात माणूस. खेळाडूला विचारण्याची पद्धत नाही. वरच्या लीगमध्ये दहा वर्षं, आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्याला नकाराचा हक्क मिळतो, किंवा ज्यानं करारातच तसं लिहून घेतलंय त्याला. बाकीच्यांनी जुलैअखेर फोन वाजला की बॅग भरायची. पोरांना एवढा भाव का, तर ती स्वस्त पडतात. वरच्या लीगमध्ये आलेला मुलगा साधारण सहा वर्षं त्याच मालकाच्या ताब्यात राहतो, आणि त्यातली पहिली तीन वर्षं बहुधा किमान पगाराच्या आसपास काढतो. हा किमान पगार २०२५ साली ७ लाख ६० हजार डॉलर होता. आकडा ऐकून आपले डोळे फिरतात. पण गेल्या डिसेंबरात न्यूयॉर्क मेट्सनं हुआन सोटोला पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर कबूल केले, हे कळलं की पोरांची किंमत उमगते.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना पटकन कळत नाही. रणजीत तळाला गेलात तर प्लेट गटात ढकलले जाता. इंग्लंडमधला फुटबॉल संघ तळाला गेला तर खालच्या श्रेणीत जातो. अमेरिकेत, जिथे 'लूजर' ही शिवी आहे, तिथे हरण्याला शिक्षा नाही. उलट शाळा-कॉलेजांतले नवे खेळाडू निवडताना हरणाऱ्याला पुढचा नंबर मिळत आला आहे. ह्यूस्टन अॅस्ट्रोजनी लागोपाठ तीन वर्षं शंभराहून जास्त सामने गमावले आणि २०१७ साली जगज्जेतेपद मिळवलं. कब्ज २०१२ साली १०१ सामने हरले आणि २०१६ साली विजेते झाले. ही दोन उदाहरणं बघून सगळ्यांनाच वाटू लागलं की हरणं हीही एक गुंतवणूक आहे.

आमचा पहिला सौदा ६ डिसेंबर २०१६ चा. क्रिस सेल हा त्या वेळचा आमचा सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याच उन्हाळ्यात जुन्या फॅशनचा गणवेश नको म्हणून त्यानं कात्री घेऊन सगळ्या संघाचे शर्ट कापले होते आणि पाच दिवस घरी बसला होता. असा माणूस आम्ही बॉस्टनला दिला. बदल्यात चार पोरं आली. त्यांतला योआन मोन्काडा तेव्हा देशातल्या होतकरूंच्या यादीत सगळ्यात वर, आणि मायकेल कोपेकचा चेंडू ताशी शंभर मैलांचा. पुढच्या जुलैत होजे किंतानाला गावातल्या गावात, कब्जना दिलं. त्या बदल्यात एलॉय हिमेनेझ आणि वर सांगितलेला डिलन सीस आले. म्हणजे परवा रिग्लीवर कब्जना ज्यानं छळलं, तो मुळात कब्जचाच पोरगा.

मग वाट पाहणं सुरू झालं. आम्ही शिकागोचा निकाल बघायचं सोडून दिलं. रोज सकाळी अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे आणि शार्लटचे आकडे बघायचो, कारण आमची रोपवाटिका तिथे. बर्मिंगहॅमला १९९४ साली मायकेल जॉर्डन बेसबॉल खेळून गेला, कारण त्याचा बास्केटबॉल संघ बुल्स आणि सॉक्स या दोन्ही संघांचे मालक एकच, जेरी राइन्सडॉर्फ. ज्या मुलांचा एक चेंडूही पाहिलेला नाही त्यांची दुखापत ऐकून जेवण जात नसे. रीबिल्डनं प्रेक्षकाला ही सवय लावली: समोर जे चाललंय त्याकडे काणाडोळा करायचा आणि जे अजून झालेलं नाही त्यावर जीव लावायचा.

तिकडे सेल २०१८ साली बॉस्टनकडून जगज्जेता झाला. अंतिम मालिकेतला शेवटचा फलंदाज त्यानंच बाद केला, तो फलंदाज मॅनी मचाडो. त्याच हिवाळ्यात मचाडो मोकळा झाला आणि सॉक्सना तो हवा होता. आता मालकांनी थैली उघडायची वेळ होती. आमच्या लोकांनी काय करावं? त्याचा मेहुणा याँडर अलोन्सो याला संघात घेतलं. मग त्याचा मित्र जॉन जे याला घेतलं. सोयरे जमवले की नवरदेव चालत येईल, असा हिशोब. नवरदेव ३० कोटी डॉलर घेऊन सॅन डिएगोला गेला, आणि मेहुणा त्या वर्षी आमच्याकडून खेळला.

सॅन डिएगो हे तसंही आमच्या चुकांचं संग्रहालय आहे. २०१६ च्या जूनमध्ये जेम्स शील्ड्स नावाच्या उतरणीला लागलेल्या पिचरसाठी आम्ही त्यांना सतरा वर्षांचा एक मुलगा देऊन टाकला होता. तो फर्नांडो तातीस ज्युनियर. पुढे त्याचा करार ३४ कोटींचा झाला.

तरीही पीक आलं, हे मान्य केलं पाहिजे. २०२० साली बाद फेरी गाठली, २०२१ साली ९३ सामने जिंकून गट जिंकला. या दोन हंगामांच्या मधे एक प्रकार घडला होता. पोरांना सांभाळून वर आणणाऱ्या रिक रेंटेरियाला प्रशिक्षकपदावरून काढलं. या गृहस्थाचं नशीबच तसं. कब्जनीही हरण्याचं एक वर्ष त्याच्याकडून उरकून घेतलं आणि दिवस पालटायच्या आत त्याला निरोप दिला होता. त्याच्या जागी मालकांनी शहात्तर वर्षांचे टोनी ला रूसा आणले. १९८६ साली त्यांना याच संघातून काढलं होतं आणि राइन्सडॉर्फना त्याची बोच राहिली होती. चौतीस वर्षांपूर्वीची चूक दुरुस्त करायला त्यांना नेमका हाच मुहूर्त सापडला.

पुढे हिमेनेझ वारंवार जखमी झाला, मोन्काडा विझत गेला, आणि दुकानातून माल आणून भोकं बुजवायची तर मालक गल्ल्यावर हात ठेवून बसलेले. या संघाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार साडेसात कोटी डॉलरचा आहे, अँड्र्यू बेनिंटेंडीचा. देशातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या शहरातल्या संघाची ही गोष्ट. लोक म्हणतात, रीबिल्ड फसला कारण पोरं कच्ची निघाली. मला हे पटत नाही. दहातली चार-पाच पोरं कच्ची निघतातच. ती धरूनच हिशोब करायचा असतो. ह्यूस्टननं आणि कब्जनी पीक तरारल्यावर पैसा ओतला. आमच्या मालकांनी पेरणीलाच कापणी समजून खर्च आवरला.

त्यानंतरचे विजयांचे आकडे बघा: ८१, ६१, ४१. दरवर्षी बरोबर वीसची पायरी उतरत गेलो. २०२४ साली सलग २१ सामने हरलो आणि अखेर १२१ पराभवांसह १९०० नंतरचा सगळ्यात वाईट विक्रम नावावर केला. १९६२ च्या मेट्सचा १२० चा विक्रम होता. आम्ही १२० वर असताना घरच्या मैदानावर शेवटचे तीन सामने होते. लोक विक्रम 'पाहायला' आले होते. शेजाऱ्यांबरोबर मीही गेलो. आठव्या डावात सॉक्सनी पिछाडी भरून काढली आणि ३-२ असा सामना जिंकला, तर स्टेडियमभर 'संघ विका, संघ विका' असा घोष सुरू झाला. जिंकलेल्या संघाच्या मालकाला घरचेच लोक हाकलताहेत, हे दृश्य मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. तिन्ही सामने जिंकून संघ डेट्रॉइटला गेला आणि १२१ वा पराभव तिथे पदरात पडला. त्याच विजयानं डेट्रॉइट दहा वर्षांनी बाद फेरीत पोचलं, त्यामुळे आमच्या विक्रमाच्या रात्री मैदानावर शँपेनही उडाली.

एवढं हरल्यावर निदान पहिला नंबर तरी मिळावा? नाही. मुद्दाम हरणाऱ्यांना चाप म्हणून आता वरच्या नंबरांसाठी सोडत काढतात, आणि मोठ्या शहरातल्या श्रीमंत संघांना लागोपाठ दोन वर्षं त्या सोडतीतला नंबर मिळत नाही. आम्ही २०२४ साली पाचवे होतो. म्हणून १२१ पराभवांनंतर यंदा दहावे. नापासांच्या वर्गातही आम्हाला मागचा बाक.

तर आता दुबार पेरणी चालू आहे. नवे कारभारी क्रिस गेट्झ यांनी सीसला सॅन डिएगोला दिलं, कोपेकला लॉस एंजेलिसला दिलं (तो तिथे लगेच जगज्जेता झाला), आणि डिसेंबरात क्रोशेला पुन्हा बॉस्टनलाच. पुन्हा एक डावखुरा पिचर, पुन्हा चार पोरं. बॉस्टननं चार महिन्यांत क्रोशेशी सहा वर्षांचा १७ कोटींचा करार केला आणि त्यानं यंदा १८ सामने जिंकून, २५५ स्ट्राइक आउट मोजून तो फेडला. आमच्याकडे आलेले काइल टील आणि चेस माइड्रॉथ यंदाच वरच्या संघात पोचले, आणि बरे खेळले. पण खरा आनंद दिला तो कोल्सन माँटगोमेरीनं. हा विकत घेतलेला नाही, आमचाच निवडलेला. एप्रिलमध्ये त्याची बॅट इतकी रुसली होती की त्याला शार्लटहून अॅरिझोनाला, फलंदाजीची बाराखडी गिरवायला धाडलं. जुलैत तो वर आला आणि ७१ सामन्यांत २१ होम रन मारून मोकळा झाला.

यंदा संघ ६० जिंकला, १०२ हरला. एकोणीस सामन्यांची प्रगती. शेजाऱ्यांनी हे मला शंभरदा सांगितलं. मे महिन्यात शिकागोचे रॉबर्ट प्रीव्होस्ट पोप झाले आणि ते सॉक्सचे चाहते निघाले, तेव्हाही शेजाऱ्यांनी ते वीस जणांना सांगितलं. २००५ साली संघ अठ्ठ्याऐंशी वर्षांनी विजेता झाला, त्या मालिकेच्या पहिल्या सामन्याला प्रीव्होस्ट प्रेक्षकांत बसलेले टीव्हीवर दिसतात. आता त्या बाकाजवळच्या भिंतीवर त्यांचं चित्र रंगवलंय.

माझा निकाल मात्र मी राखून ठेवलाय. पोरं चांगली आहेत. २०१९ सालीही चांगली होती. प्रश्न २०२७-२८ चा आहे, जेव्हा ती महाग होतील आणि त्यांच्या जोडीला एखादा मोठा खेळाडू आणून बसवावा लागेल. राइन्सडॉर्फ नव्वदीला टेकले आहेत. जूनमध्ये जस्टिन इशबिया या गुंतवणूकदाराशी करार झाला, पण संघाचा ताबा त्यांच्याकडे २०२९ च्या आधी जाणार नाही, आणि तो २०३३ पर्यंत कधी द्यायचा हे राइन्सडॉर्फ ठरवणार. माँटगोमेरीची स्वस्ताईची वर्षं तोवर संपत आलेली असतील.

शेजाऱ्यांनी पुढच्या हंगामाचे पैसे भरले आहेत, त्यांच्या बायकोला अजून सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी उन्हाळ्यात शिकागोला आलात तर रेड लाइननं 'सॉक्स-३५' स्टेशनला उतरा. तिकीट आगाऊ काढायची गरज नाही. जागा भरपूर असते.