प्रयोगशाळेतून पेटंटच्या मसुद्याकडे

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून किंवा नगरच्या विज्ञान महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांसमोर संशोधन, अध्यापन आणि स्पर्धा परीक्षा अशा ठरलेल्या वाटा असतात. पेटंट एजंट ही त्यापलीकडची वाट. तिच्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

पेटंट कायदा, १९७० च्या कलम १२६ नुसार वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या, विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञानाची पदवी असलेल्या भारतीय नागरिकास पात्रता परीक्षा देता येते. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असे तिचे स्वरूप आहे. पहिला पेपर कायद्याचा, तर दुसरा मसुदालेखनाचा. न्यायालयात उभे राहायचे असेल, तर मात्र कायद्याची पदवी हवीच.

खरी अडचण अभ्यासाची नसून सवयीची आहे. संशोधकाला निष्कर्ष लवकर प्रसिद्ध करण्याची घाई असते. पेटंटच्या दृष्टीने मात्र अर्जाआधी छापलेला शोधनिबंध बहुधा नावीन्यच संपवतो. शिवाय मसुद्यातील दावा फार व्यापक केला तर तो पूर्वज्ञानावर आपटतो आणि फार संकुचित केला तर प्रतिस्पर्धी बाजूने निघून जातो. ही सीमारेषा आखायला विषयाची जाण असलेला माणूसच लागतो.

हळदीचे प्रकरण याच जाणिवेवर उभे राहिले. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि जुने ग्रंथ व शोधनिबंध पुराव्यादाखल मांडले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. लढाई कायद्याची, दारूगोळा शास्त्राचा!

नगर जिल्ह्यासाठी याहून जवळचा विषय बियाण्यांचा. आपल्या कायद्यात वनस्पती, बियाणे आणि वाण यांना पेटंट मिळत नाही. त्यांच्यासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. वाण वेगळा, एकसमान आणि स्थिर असल्याचे दाखवले, तर त्याची नोंदणी होते. शेतकऱ्यालाही आपला वाण नोंदवता येतो आणि त्यासाठी त्याला शुल्क पडत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. असा एखादा वाण नोंदवायचा, तर त्याची पाने, फुले, दाणे यांची शास्त्रशुद्ध नोंद करणारा आणि ती कायद्याच्या भाषेत मांडणारा माणूस लागतो. कृषी पदवीधराला यातील निम्मे काम आधीच येत असते.