जूडी गार्लंडचे प्रेक्षक

२७ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये जूडी गार्लंडचा अंत्यविधी झाला. ही गायिका-अभिनेत्री पाच दिवसांपूर्वी लंडनमध्ये झोपेच्या गोळ्या जास्त झाल्याने गेली होती. वय अवघं ४७. अंत्यदर्शनासाठी सुमारे २०,००० माणसं रांगेत उभी राहिली. त्याच रात्री, २८ जूनच्या पहाटे, शहराच्या दुसऱ्या भागात स्टोनवॉल इन या समलिंगी लोकांच्या बारवर पोलिसांनी धाड घातली. गिऱ्हाइकं नेहमीसारखी निमूट पांगली नाहीत. उलटून उभी राहिली. हा भडका जूडीच्या शोकातून उडाला, असं आजही अनेक जण सांगतात.

मला ते पटत नाही. त्या रात्री पुढे होती ती घरातून हाकललेली, रस्त्यावर राहणारी पोरं आणि स्त्रीवेशात वावरणारी मंडळी. जूडी त्यांच्या आधीच्या पिढीची लाडकी. दंगलीशी तिचं नाव जोडणाऱ्या सुरुवातीच्या लेखकांत एक स्तंभलेखक होता आणि त्याचा सूर टिंगलीचा होता. लाठ्या ज्यांनी खाल्ल्या, श्रेय त्यांचंच. जूडीचं ऋण वेगळं आहे आणि ते तिच्या हयातीतलं आहे.

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा तिचा चित्रपट १९३९चा. त्यातली तिची डोरोथी कॅन्ससच्या करड्या माळावरून रंगीत मुलखात जाते आणि तिथल्या विक्षिप्त सोबत्यांना आहेत तसे आपले मानते. पण ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड डायर यांनी १९८६ साली दाखवून दिलं की समलिंगी प्रेक्षकांशी तिच्या नात्यातलं खरं वळण १९५०चं आहे. तेरा वर्षांची असताना करारबद्ध झालेल्या, वजन आणि झोप गोळ्यांच्या ताब्यात दिलेल्या जूडीला त्या वर्षी एमजीएम स्टुडिओने सोडून दिलं. आत्महत्येच्या प्रयत्नाच्या बातम्या छापून आल्या. शेजारच्या घरातली गुणी मुलगी म्हणून स्टुडिओने विकलेला चेहरा आणि त्यामागचं आयुष्य, यांतली फट सगळ्या जगाला दिसली. दिवसा कचेरीत एक आणि रात्री दुसरं आयुष्य जगणाऱ्या पुरुषांना ती फट आतून ठाऊक होती. तिचं दुःख त्यांना भिडलंच, पण मला वाटतं, त्याहून अधिक भिडलं ते तिचं पुन्हा उभं राहणं.

२३ एप्रिल १९६१ला ती कार्नेगी हॉलमध्ये गायली. त्या मैफलीची तबकडी तेरा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली आणि वर्षातल्या सर्वोत्तम आल्बमचं ग्रॅमी मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तेव्हा अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध गुन्हा होता; इलिनॉयने तो कायदा त्याच वर्षी बदलला, पण बदल लागू झाला पुढच्या वर्षी. समलिंगी गिऱ्हाइकांना पेय दिलं तर परवाना जाईल, अशी न्यूयॉर्कच्या बारमालकांना धास्ती असे. १९६६च्या एप्रिलमध्ये समलिंगींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मॅटाशीन सोसायटीचे कार्यकर्ते ज्युलियस या बारमध्ये गेले, आपण समलिंगी आहोत असं सांगून त्यांनी पेय मागितलं, तेव्हा बारवाल्याने ग्लासावर हात ठेवला. अशा शहरात जूडीच्या कार्यक्रमाचं तिकीट काढून उजेडात, चारचौघांत, आपल्यासारख्यांच्या शेजारी बसता येत होतं. ओळख विचारायला कुणी येत नव्हतं. समलिंगी लोकांची आयकॉन असणं म्हणजे काय, याचं उत्तर मला गाण्याइतकंच त्या खुर्च्यांत सापडतं.

बाहेरच्यांच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. १९६७ साली तिच्या पॅलेस थिएटरमधल्या प्रयोगांबद्दल लिहिताना ‘टाइम’ साप्ताहिकाने प्रेक्षकांत समलिंगी फार आहेत, अशी नोंद केली आणि कारण विचारलं मनोविकारतज्ज्ञांना! प्रेक्षकांना विचारावंसं वाटलं नाही, हे आज वाचताना संताप येतो. जूडीने मात्र या चाहत्यांना कधी दूर लोटलं नाही; असल्या प्रश्नावर आपण माणसांसाठी गातो, एवढंच ती म्हणे.

२००६च्या जूनमध्ये रूफस वेनराइट या उघडपणे समलिंगी असलेल्या गायकाने त्याच कार्नेगी हॉलमध्ये १९६१ची ती मैफल, गाण्यांच्या त्याच क्रमाने, पुन्हा उभी केली. जूडीची मुलगी लॉर्ना लफ्ट मंचावर येऊन त्याच्याबरोबर गायली.