ऑपरेशननंतर घरचं वडीलधारं माणूस बरळतंय? घाबरू नका, पण लपवूही नका

धाराशिव : समजा, वाशी तालुक्यातल्या एका गावात पंचाहत्तरीच्या आजी ओसरीवरून घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बार्शीला नेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालं. दुसऱ्या रात्री मात्र आजी सलाईन ओढायला लागल्या. "गाय सुटलीय, मला गोठ्यात जाऊ द्या," असा धोशा लावला. पोटच्या पोराला ओळखेनात. सकाळी जरा बरं वाटलं, दिवेलागणीला पुन्हा तेच.

अशा वेळी नातेवाईकांत तीन मतं होतात. एक म्हणतो, भूल जास्त दिली. दुसरा म्हणतो, बाहेरची बाधा आहे, अंगारा आणा. तिसरा म्हणतो, वय झालं, आता असंच चालायचं. नर्सला किंवा डॉक्टरला लगेच सांगायचं मात्र राहून जातं, आणि खरी गरज त्याचीच असते.

नेमकं काय होतं?

या अवस्थेला डॉक्टर 'डेलिरियम' म्हणतात. साध्या भाषेत अचानक आलेला भ्रम. ऑपरेशननंतर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसतो. मेंदूला एकाच वेळी बरेच धक्के बसलेले असतात. ऑपरेशनचा ताण, वेदना, ताप किंवा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, रक्तातलं मीठ किंवा साखर खाली-वर होणं, ऑक्सिजन कमी पडणं, काही गोळ्या, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, रात्रभराचं जागरण आणि अनोळखी जागा. तरुण मेंदू हे पेलतो, म्हाताऱ्या मेंदूला जड जातं.

वेड किंवा विसरभोळेपणा यापेक्षा हे वेगळं आहे. विसरभोळेपणा वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. डेलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. बोलण्याकडे लक्ष लागत नाही, ही त्याची मोठी खूण. पेशंटला वार उलटे म्हणायला सांगा. रविवार, शनिवार, शुक्रवार असं. एरवी सहज म्हणणारं माणूस मध्येच हरवत असेल, तर डॉक्टरांना सांगा.

गुपचूप पडलेल्या पेशंटकडे जास्त लक्ष द्या

आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. पण डेलिरियमचा दुसरा प्रकार शांत असतो. माणूस सुस्त पडून राहतं, हाक मारली तर हूं म्हणतं, जेवत नाही, डोळे उघडले तरी कुठंतरी बघत राहतं. नातेवाईक म्हणतात, "बरं झालं, झोप लागली." वयस्कर माणसांत हा प्रकार पुष्कळ दिसतो आणि तोच सगळ्यात जास्त नजरेतून सुटतो. हात-पाय आपटत नाही म्हणून तो कमी धोक्याचा, असं समजू नका.

डॉ. पंढरीपांडे यांचं संशोधन

या विषयावर जगात ज्यांचे लेख वाचले जातात त्यांत एक आडनाव आपल्या ओळखीचं आहे. भूलतज्ज्ञ डॉ. प्रतीक पंढरीपांडे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. वेस्ली एली आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी आयसीयूतल्या पेशंटच्या डेलिरियमवर वर्षानुवर्षं काम केलं.

२००६ साली त्यांच्या गटाने दाखवलं, की आयसीयूत शांत ठेवण्यासाठी दिलं जाणारं लोराझेपाम हे औषध भ्रम वाढवणाऱ्या कारणांपैकी एक आहे. तोपर्यंत हे औषध आयसीयूत सर्रास वापरलं जायचं. पेशंट झोपलेला दिसला म्हणजे मेंदूला आराम मिळाला, हा समज त्यामुळे हलला.

२०१३ साली त्यांच्या गटाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर आजाराने आयसीयूत भरती झालेल्या ८२१ पेशंटवर त्यांनी लक्ष ठेवलं. त्यातल्या ७४ टक्के पेशंटना दवाखान्यात कधी ना कधी डेलिरियम झाला. घरी गेल्यावर पुन्हा तपासणी केली. वर्षभरानंतरही साधारण तिघांतल्या एकाची विचारशक्ती डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतकी कमी होती. जितके दिवस भ्रम जास्त, तितकी वर्षभरानंतरची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती कमी, असा संबंध दिसला. हे पेशंट फार गंभीर होते. साध्या ऑपरेशनच्या पेशंटला तेवढी भीती धरायचं कारण नाही. पण "दोन दिवसांत उतरेल" म्हणून भ्रम अंगावर काढू नये, एवढं यातून नक्की कळतं.

भुलीमुळेच होतं का?

"पूर्ण भूल नको, कमरेत इंजेक्शन द्या, म्हणजे डोक्याला त्रास नाही," असं गावात म्हणतात. २०२१ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १,६०० पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे ५० वर्षांच्या वरचे आणि खुब्याचं हाड मोडलेले. निम्म्यांना कमरेत इंजेक्शन, निम्म्यांना पूर्ण भूल. डेलिरियम दोन्हीकडे जवळपास सारखाच, शंभरात वीसच्या आसपास. म्हणून भूल कोणती द्यायची हा निर्णय भुलीच्या डॉक्टरांवर सोडावा. पेशंटचं हृदय, फुप्फुस आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बघून ते ठरवतात.

स्नायूंचा याच्याशी काय संबंध?

पूर्ण भूल देताना बऱ्याचदा स्नायू ढिले करणारं औषध देतात. त्यामुळे श्वासनळीत नळी घालणं आणि ऑपरेशन करणं सोपं जातं. ऑपरेशन संपलं की त्याचा असर उतरवावा लागतो. थोडा असर मागं राहिला तर घशाचे आणि श्वासाचे स्नायू पूर्ण जोर धरत नाहीत. ठसका लागतो, ऑक्सिजन कमी पडू शकतो. म्हणून मनगटाजवळच्या नसेला विजेचे चार बारीक झटके देऊन अंगठा किती हलतो ते यंत्राने बघतात. चौथ्या वेळची हालचाल पहिलीच्या निदान ९० टक्के आली पाहिजे, तरच नळी काढणं सुरक्षित मानतात.

अमेरिकेत काम केलेले भूलतज्ज्ञ डॉ. मॅथियास आयकरमन यांनी या उरलेल्या अशक्तपणावर बरंच संशोधन केलं. ते सहभागी असलेला आणखी एक अभ्यास २०१६ साली आला. ऑपरेशननंतर आयसीयूत असलेल्या २०० पेशंटपैकी निम्म्यांना रोज ठरवून हलवलं. आधी बसवलं, मग उभं केलं, मग चालवलं. त्यांचा आयसीयूतला मुक्काम १० दिवसांवरून सरासरी ७ दिवसांवर आला, भ्रम नसलेले दिवसही वाढले.

बिछान्यावर पडून राहिलं की स्नायू किती झपाट्याने जातात, हे २००७ सालच्या एका अभ्यासात दिसलं. धडधाकट वयस्कर लोकांना फक्त १० दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचा जवळपास एक किलो स्नायू गेला. आजारी माणसाचं काय होत असेल ते बघा. भ्रम झालेलं माणूस उठत नाही, जेवत नाही. न उठल्याने पाय जातात. पाय गेले की ते आणखी पडून राहतं आणि भ्रम लांबतो. हा फेरा तोडायचा, तर पेशंटला उठवावं लागतं.

उशाशी बसणारं माणूसही उपचारच करतं

यावर अजून जादूची गोळी सापडलेली नाही. काळजी घेण्याचा परिणाम मात्र दिसलेला आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या डॉ. शेरॉन इनोये यांनी दवाखान्यात भरती झालेल्या सत्तरीच्या पुढच्या ८५२ पेशंटचा अभ्यास केला. वेळेवर पाणी, चष्मा, ऐकू येण्याचं यंत्र, रात्रीची झोप, चालणं आणि गप्पा. एवढ्यावर डेलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आत आलं. यातली बरीच कामं आपल्याकडे नातेवाईकच करू शकतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत दवाखान्यात बसायला माणूस मिळत नाही, हे खरं. तरी पहिले तीन दिवस ओळखीचं एक माणूस जवळ ठेवाच.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना हे सांगा :

- झोपेच्या, सर्दीच्या, बीपी-शुगरच्या, वेदनेच्या सगळ्या गोळ्या. चिठ्ठी नसेल तर पाकिटं पिशवीत घालून न्या. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.
- रोज दारू घेण्याची सवय असेल तर लाजू नका. दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत वेगळाच आणि जीवघेणा भ्रम होऊ शकतो. तंबाखू-मिश्रीचंही सांगा.
- आधीपासून विसरायला होत असेल किंवा मागच्या ऑपरेशनला असंच झालं असेल तर तेही.

ऑपरेशननंतर हे करा :

- चष्मा, कवळी, कानाचं यंत्र सोबत न्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच लावा.
- आज कोणता वार, आपण कुठं आहोत, ऑपरेशन कशाचं झालं, हे दिवसातून चार-पाच वेळा शांतपणे सांगा. भ्रमात बोललेल्या गोष्टीवर वाद घालू नका, रागावू नका.
- दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. भेटायला एका वेळी दोघांच्या वर नकोत. रात्री मोबाइलचा आवाज बंद.
- खायला-प्यायला कधी द्यायचं आणि पाय कधी टेकवायचा, हे डॉक्टरांना विचारा. परवानगी मिळाली की जेवायला बसवा, धरून चालवा.
- वेदना होतात का ते विचारत राहा. सोसून घेतलेल्या वेदनेनेही भ्रम वाढतो.
- लघवीची नळी कधी काढणार, हे रोज विचारा.
- हात बांधून ठेवू नका. त्याने पेशंट जास्त बिथरतो. आवरत नसेल तर नर्सला बोलवा.

आणि माणूस बदललं वाटलं तर वाट बघू नका. "हे आमच्या आईचं नेहमीचं बोलणं नाही, कालपासून असं होतंय," एवढं वाक्य डॉक्टरांना पुरतं. आई एरवी कशी बोलते हे त्यांना माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं. त्यावरून ते संसर्ग, ऑक्सिजन, मीठ, साखर, लघवी, औषधं तपासतात. कारण सापडलं की भ्रम बहुतेक वेळा उतरतो. काहींना त्याला काही आठवडेही लागतात.

घरी आल्यावर अचानक बरळणं सुरू झालं, माणूस सुस्त झालं, धाप लागली, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. अंगाऱ्यावर श्रद्धा असेल तर तो लावायला कुणाची ना नाही, पण त्यासाठी गाडी थांबवू नका.