काकवी म्हणजे कारखान्यातली मळी नव्हे! मग गुऱ्हाळावरची ही गोड धार कमी का होतेय?

गरम भाकरी, तिच्यावर तुपाचा गोळा आणि वरून सोडलेली तांबूस, घट्ट काकवीची धार. थंडी पडली की असे रील्स फिरायला लागतात. खाली कमेंटमध्ये दोन प्रकारची माणसं भेटतात. एक विचारतात, "हे मध आहे का?" आणि दुसरी लिहितात, "आमच्या गावचं गुऱ्हाळ आठवलं."

यात आणखी एक घोळ होतो. इंग्रजीतल्या 'मोलॅसिस'चा अर्थ शोधला की बऱ्याचदा 'काकवी' असं उत्तर मिळतं. पण इथेनॉलच्या बातम्यांत ज्या 'बी हेवी' आणि 'सी हेवी' मोलॅसिसचा उल्लेख येतो, ती काकवी नव्हे. मग काकवी म्हणजे नक्की काय?

गूळ व्हायच्या जरा आधी

गुऱ्हाळात ऊस आधी चरकात जातो. पूर्वी हा चरक बैल फिरवायचे, नंतर इंजिन आणि मोटर आली. निघालेला रस मोठ्या, पसरट काहिलीत ओततात. काहिलीखाली चुलवाण असतं आणि त्यात जळण म्हणून त्याच उसाची वाळलेली चिपाडं घालतात. म्हणजे ऊसच रस देतो आणि ऊसच तो रस आटवतो.

रस तापला की त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात. रसातला कचरा त्याला धरून फेसाबरोबर वर येतो. हा फेस म्हणजे गुऱ्हाळाची मळी, ती झाऱ्याने काढून टाकतात. आंबटपणा मोडायला थोडी चुन्याची निवळीही घालतात.

मग रस आटत जातो. साधारण १०५-१०६ अंश सेल्सिअसच्या आसपास तो पाकासारखा दाट होतो. या टप्प्यावर काढून घेतला की झाली काकवी. तसाच आणखी उकळून ११५ अंशांच्या पुढे नेला, वाफ्यात ओतून घोटला, तर होतो गूळ. थोडक्यात, काकवी म्हणजे न थिजलेला गूळ. हिंदी पट्ट्यात याच्याशी मिळताजुळता प्रकार 'राब' नावाने ओळखला जातो.

आणि कारखान्यातली मळी?

साखर कारखान्यात रस आटवून साखरेचे दाणे तयार करतात आणि ते यंत्रात फिरवून वेगळे काढतात. दाणे निघाल्यावर उरतो तो काळा, कडवट द्रव म्हणजे मळी, अर्थात मोलॅसिस. ती डिस्टिलरीत जाते, तिच्यापासून अल्कोहोल आणि इथेनॉल बनतं. काकवीतून मात्र साखर काढलेलीच नसते. म्हणून मळी ही उरलेली वस्तू आणि काकवी ही मुद्दाम केलेली वस्तू.

थर्मामीटर नव्हे, गुळव्या

हे सगळं गुळव्याच्या नजरेवर चालतं. बुडबुड्यांचा आकार, रसाचा वास, झाऱ्यावरून पडणारी धार बघून तो ठरवतो. गुळासाठी पाक पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, हे पाहतो. क्षणभर उशीर झाला तर पूर्ण आधण करपतं आणि शेतकऱ्याचा माल वाया जातो.

गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही जुनी रीत. त्यामुळे गुऱ्हाळ सुरू झालं की पोरं शाळा सुटल्यावर तिकडेच पळायची. कुणी तांब्या घेऊन काकवीसाठी उभं राहायचं, कुणी गरम गुळात शेंगदाणे बुडवून खायचं. घरी नेलेली काकवी बरणीत भरायची आणि चपाती, भाकरी, आंबोळीबरोबर पुरवून पुरवून खायची.

मग अडलं कुठे?

कोल्हापुरात गुळाचा व्यापार वाढावा म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली. 'कोल्हापुरी गुळा'ला पुढे जीआय मानांकनही मिळालं. तरीही गुऱ्हाळं कमी होत गेली.

कारण हिशोबाचं आहे. कारखान्याला ऊस घातला की तोडणी, वाहतूक कारखाना बघतो आणि एफआरपीप्रमाणे दर ठरलेला असतो. गुऱ्हाळाला ऊस नेला तर मजुरी, जळण आणि गाळपाचा खर्च आधी करायचा आणि गुळाला दर किती मिळेल हे सौद्याच्या दिवशी कळणार. त्यात दिवसभर चुलवाणाच्या धगीत उभं राहायला तरुण मजूर मिळत नाहीत. गुळव्याचं काम तर पुस्तकात बघून येत नाही. जुना गुळव्या थांबला आणि मागे शिकणारं कुणी नसलं, तर काहील असूनही गुऱ्हाळ बंद पडतं.

विकत घेताना काय बघाल?

बाटलीवरची घटकांची यादी वाचा. साखरेचा पाक मिसळला असेल तर तो तिथे लिहिलेला असायला हवा. रंग फारच फिकट, पिवळाधमक असेल तर विक्रेत्याला विचारा, कारण रंग उजळवण्यासाठी रसायनं वापरली जातात. बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे दिसले तर लगेच भेसळ समजू नका, ठेवलेल्या काकवीत साखर बसू शकते. मात्र फेस आला किंवा आंबूस वास आला तर ती आंबलीय, टाकून द्या.

काकवीत थोडं लोह आणि इतर खनिजं असतात, पण ती मुख्यतः साखरच आहे. त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांनी 'नैसर्गिक आहे' म्हणून सूट घेऊ नये.

बाकीच्यांनी या हंगामात गावाकडे जाणं झालं, तर वाटेत धूर दिसणाऱ्या गुऱ्हाळावर जरूर थांबावं. थेट तिथून घेतलेल्या एका बाटलीचे पैसे शेतकरी आणि गुळव्याच्या हातात पडतात. पुढच्या वर्षी चुलवाण पेटणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.