लॅपटॉपचा परवलीचा शब्द विसरल्यास

नांदेडजवळ विष्णुपुरी येथे १९८१ मध्ये श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था सुरू झाली, त्या काळी संगणक ही वातानुकूलित खोलीत ठेवावयाची आणि चपला बाहेर काढून पाहावयाची वस्तू होती. आज स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील संशोधकाचा प्रबंध, लातूरच्या शिकवणी वर्गात वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीच्या टिपा, आडत दुकानातील तूर-सोयाबीनचा हिशेब आणि घरातील लग्नकार्याची छायाचित्रे हे सारे लॅपटॉप नावाच्या एका चपट्या पेटीत सामावलेले असते. या पेटीला कुलूप असते ते परवलीच्या शब्दाचे, म्हणजेच पासवर्डचे. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी संपवून परत यावे, पेटी उघडावी आणि तो शब्द काही केल्या आठवू नये, हा अनुभव आता दुर्मीळ राहिलेला नाही.

अशा वेळी बहुतेक लोक लॅपटॉप काखेत मारून थेट दुरुस्तीचे दुकान गाठतात. तेथे सांगितले जाते, ‘फॉरमॅट मारावे लागेल.’ मालक घाईत मान डोलावतो. तासाभरात यंत्र सुरू होते आणि घरी आल्यावर लक्षात येते की प्रबंधाची तीन प्रकरणे गेली. फॉरमॅट करणे म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून घर पाडून त्याच जागी रिकामे घर बांधणे होय. यात दुकानदाराचा दोष असतोच असे नाही, कारण त्याला ‘चालू करून द्या’ एवढेच सांगितलेले असते. यंत्र पुन्हा चालू करणे हे फारसे अवघड काम नाही. आतील कागदपत्रे वाचतील की नाही, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कुलूप कोणत्या प्रकारचे आहे यावर अवलंबून असते.

प्रथम करावयाची तपासणी

शब्द खरोखरच विसरला आहे काय, हे आधी पाहावे. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार आढळते. प्रवेशाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते. तेथे इंग्रजीऐवजी मराठी किंवा हिंदी निवडलेली असेल तर बोटे योग्य कळांवर पडूनही अक्षरे भलतीच उमटतात. विंडोजची खूण असलेली कळ दाबून ठेवून स्पेसची लांब कळ दाबली की भाषा बदलते. कॅप्स लॉक चुकून चालू राहिल्यानेही असेच होते. शब्द लिहावयाच्या चौकटीशेजारी डोळ्याचे चिन्ह असते, ते दाबले म्हणजे आपण काय लिहीत आहोत हे दिसते. या दोन मिनिटांच्या तपासणीने अनेकांची दुकानाची फेरी वाचेल.

शब्द यंत्रात साठविलेला नसतो

‘आतला पासवर्ड बघून सांगा’ अशी विनंती दुकानदाराला केली जाते. ती त्याला पूर्ण करता येत नाही, कारण मूळ शब्द यंत्रात ठेवलेलाच नसतो.

आरंभी तो ठेवला जात असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६१ च्या सुमारास फर्नांडो कोर्बाटो यांच्या मार्गदर्शनाखाली एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत सिद्ध झाली आणि प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून परवलीचे शब्द आले. हे सारे शब्द एका यादीत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाने संगणकावर अधिक वेळ काम करता यावे म्हणून ती यादीच छापून घेतली! पुढे रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रश्नाची सविस्तर मांडणी केली. शब्द जसाच्या तसा न ठेवता त्यावर एक गणिती प्रक्रिया करावयाची आणि केवळ तिचे फलित जपून ठेवावयाचे, ही पद्धत तेव्हापासून रूढ होत गेली.

ही प्रक्रिया आपल्याकडील ज्वारीच्या दळणासारखी आहे. दाण्यांचे पीठ होते, पण पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. आपण प्रत्येक वेळी दाणे देतो, यंत्र ते दळते आणि जपून ठेवलेल्या पिठाशी ताडून पाहते. दोघांनी योगायोगाने एकच शब्द निवडला तरी पीठ निराळे दिसावे म्हणून दळणात थोडी यादृच्छिक अक्षरे मिसळतात. त्या मिश्रणाला तंत्रज्ञ ‘सॉल्ट’ म्हणजे मीठच म्हणतात, हे वाचून कला शाखेच्या या पदवीधराला मोठी गंमत वाटली. तात्पर्य, जुना शब्द कोणी परत देऊ शकत नाही. आपण मालक आहोत हे अन्य मार्गाने पटवून नवा शब्द ठेवणे एवढेच शक्य असते.

कुलूप ओळखणे

आपल्या भागातील बहुसंख्य लॅपटॉपवर विंडोज प्रणाली असते. तीत खाते दोन प्रकारचे असू शकते. प्रवेशाच्या पडद्यावर नावाखाली ई-मेलचा पत्ता दिसत असेल तर ते मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन खाते समजावे. ते असल्यास काम सोपे आहे. मोबाइलवरून कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन ‘पासवर्ड विसरलो’ हा पर्याय घ्यावा. पूर्वी नोंदविलेल्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या ई-मेलवर सांकेतिक अंक येतो, तो दिला की नवा शब्द ठेवता येतो. त्यानंतर लॅपटॉप इंटरनेटला जोडून नव्या शब्दाने प्रवेश करावा. एकही फाइल नष्ट होत नाही. अडचण येते ती जुने सिमकार्ड बंद पडलेले असते तेव्हा. लॅपटॉप घेताना दुकानात मुलाचा किंवा मित्राचा क्रमांक दिलेला असतो आणि पुढे त्याचे विस्मरण होते. चार-सहा अंकी पिन विसरला असेल तर मात्र एवढे सव्यापसव्य नको. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो आणि पडद्यावरच ‘पिन विसरलो’ असा पर्याय मिळतो.

नावाखाली ई-मेल दिसत नसेल तर खाते स्थानिक, म्हणजे त्या यंत्रापुरतेच असू शकते. चुकीचा शब्द दिल्यावर ‘रिसेट पासवर्ड’ असे शब्द उमटले तर खाते उघडताना विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिल्या शाळेचे नाव, बालपणीचे टोपणनाव अशा स्वरूपाचे ते प्रश्न असतात. कोणी पूर्वीच पेन ड्राइव्हवर ‘पासवर्ड रिसेट डिस्क’ करून ठेवली असेल तर तीही उपयोगी पडते. त्याच लॅपटॉपवर घरातील दुसऱ्या व्यक्तीचे प्रशासक अधिकाराचे खाते असल्यास त्यातून आपला शब्द बदलता येतो. तथापि, बाहेरून असा शब्द बदलला की ब्राउझरने लक्षात ठेवलेले बँकेचे, ई-मेलचे शब्द आणि विंडोजच्या सोयीने कूटबद्ध केलेल्या फायली वाचता येईनाशा होण्याचा संभव असतो. हा धोका फारसा कोणी सांगत नाही.

लॅपटॉप सुरू होताच, विंडोजचे चित्र येण्यापूर्वीच काळ्या पडद्यावर शब्द मागितला जात असेल तर ते यंत्राच्या मूळ मांडणीचे, बायोसचे कुलूप होय. आतील लहान बॅटरी काढून ठेवण्याची जुनी युक्ती आजच्या लॅपटॉपवर सहसा चालत नाही. खरेदीची पावती घेऊन उत्पादक कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे जाणे हाच मार्ग आहे.

खरे कुलूप

वर सांगितलेली कुलुपे दाराची आहेत. दार बंद असले तरी खिडकी उघडी असू शकते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स प्रणाली चालू केली, तर शब्द ठाऊक नसतानाही फायली दिसतात आणि त्यांची नक्कल करता येते. शब्द विसरलेल्या मालकाच्या दृष्टीने ही दिलाशाची गोष्ट आहे. लॅपटॉप चोरीस गेला तर तीच चिंतेची ठरते. म्हणूनच संपूर्ण डिस्कच कूटबद्ध करण्याची सोय निघाली. विंडोजमध्ये तिला बिटलॉकर म्हणतात. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रावर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की ती बहुधा आपोआप सुरू होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

मराठवाड्यातील अभिलेख कक्षांत निजाम राजवटीतील मोडी आणि उर्दू कागद आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कागद समोर असूनही वाचणारे थोडे होते आणि जाणकारांची मदत घ्यावी लागली. कूटबद्ध डिस्कही वरवर अशीच दिसते. समोर असते, वाचता येत नाही. फरक एवढाच की मोडी शिकता येते, या लेखनाला जाणकार नसतो. त्याची किल्ली म्हणजे ४८ अंकांची एक संख्या. ती नसेल तर दुकानदार, उत्पादक कंपनी किंवा पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम’ महासंगणक यांपैकी कोणाच्याही हाती काही लागणार नाही. अशी डिस्क काढून दुसरीकडे जोडण्याचाही उपयोग होत नाही.

ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती पाहता येते. लॅपटॉपच्या पडद्यावर किल्लीची ओळख म्हणून काही अक्षरे दिसतात, ती खात्यातील नोंदीशी जुळवून घ्यावी. कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या खात्याने लॅपटॉप चालत असेल तर किल्ली तेथील संगणक विभागाकडे मिळते.

महसुली कामाचा लॅपटॉप

तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, त्यांचा लॅपटॉप बंद पडला तर गावात पहिली शंका येते ती ‘आमचा सातबारा गेला काय?’ ही. तसे होत नाही. सातबाऱ्याची नोंद लॅपटॉपमध्ये नसून शासनाच्या मध्यवर्ती संगणकावर असते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला, तोही तेथूनच मिळतो. अधिकाऱ्याने दुसऱ्या संगणकावरून आपल्या खात्यात प्रवेश केला की काम पुढे चालू शकते.

डिजिटल स्वाक्षरीचे अंगठ्याएवढे टोकन मात्र निराळे. त्याचा स्वतंत्र परवलीचा शब्द असतो आणि ठराविक संख्येने चुकीचे प्रयत्न झाले की ते कुलूपबंद होते. टोकन नव्याने तयार करता येते, परंतु तसे करताना आतील प्रमाणपत्र पुसले जाते आणि परवानाधारक प्रमाणन प्राधिकाऱ्याकडून नवे घ्यावे लागते. तोपर्यंत फेरफार खोळंबतात. टोकनच्या बाबतीत ‘आणखी एकदा करून पाहू’ हा मोह आवरलेलाच बरा.

दुकानात जाताना

लॅपटॉप देण्यापूर्वी दुकानदाराला स्पष्ट सांगावे की आधी फायलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती मी उघडून पाहीन आणि मगच पुढचे काम करा. ‘सर्व काही काढून टाका’ हा पर्याय त्याआधी कोणालाही दाबू देऊ नये. नक्कल घेता येत नसेल तर डिस्क कूटबद्ध आहे का, हे विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर यंत्र तसेच घरी आणून किल्ली शोधावी. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

मदतीसाठी इंटरनेटवर दूरध्वनी क्रमांक शोधणे धोक्याचे आहे. नामांकित कंपनीचे सेवा केंद्र असल्याची बतावणी करणारे लोक मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक विचारतात किंवा मोबाइलचा पडदा दाखविणारे ॲप घ्यावयास लावतात, आणि पाहता पाहता बँकेतील रक्कम जाते. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. येथे सांगितलेले उपाय स्वतःच्या लॅपटॉपपुरतेच आहेत, हेही ध्यानी ठेवावे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून प्रवेश करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो. दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरल्यास कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कागदावर लिहावे की नाही?

परवलीचा शब्द कोठेही लिहून ठेवू नये, असा उपदेश वर्षानुवर्षे केला गेला. कार्यालयातील पडद्याच्या कडेला तो चिकटविणे चूकच आहे. पण घरच्या लोखंडी कपाटात, सातबारा आणि शिधापत्रिका ठेवलेल्या पिशवीत एक बंद लिफाफा असण्यात गैर काय? चोर नांदेडच्या किंवा उदगीरच्या कपाटापर्यंत पोहोचला तर त्याला लिफाफ्यापेक्षा दागिन्यांत अधिक रस असणार. दर काही महिन्यांनी शब्द बदलण्याच्या सक्तीबाबतही मत बदलले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत अशी कारणाविना सक्ती करू नये असे म्हटले, कारण माणसे मग सोपे शब्द निवडतात किंवा ते विसरतात.

ज्यांचा लॅपटॉप आज उघडतो आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये डिस्क कूटबद्ध आहे काय ते पाहावे. असल्यास ४८ अंकी किल्ली छापून घ्यावी. ती त्याच लॅपटॉपमध्ये साठवू नये. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक अजून चालू आहे याची खात्री करावी. प्रबंध, हिशेब आणि छायाचित्रे यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, आणि ती डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता दुसऱ्या जागी ठेवावी.