एमबीए करायचंय? मग आधी चार प्रश्न विचारा!

दोस्तांनो, बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत कॉलेजांच्या जाहिरातींचा नुसता पाऊस पडतो. टाय लावलेली हसरी मुलं, मागे काचेची उंच इमारत आणि खाली ठळक अक्षरांत बीबीए, बीएमएस, एमबीए, पीजीडीएम! तुम्ही म्हणाल, ‘नावं वेगळी, पण शिकवत असतील सगळीकडे एकच!’ इथेच तर फसगत होते. ही सगळी भावंडं खरी, पण जुळी नव्हेत बरं का! आणि निवड चुकली, तर आई-बाबांचे काही लाख रुपये आणि तुमची दोन-तीन वर्षं पणाला लागतात. म्हणून वाचून झालं की हे पान घरातल्या मोठ्यांच्याही हातात द्या.

बीबीए आणि बीएमएस हे बारावीनंतरचे पदवी अभ्यासक्रम. २०२४ सालापासून महाराष्ट्रात त्यांच्यासाठीही सीईटी सुरू झाली. एमबीए मात्र पदवीनंतर करायचं, साधारण दोन वर्षांचं. पण त्यासाठी आधी कॉमर्सच हवं, असं मुळीच नाही! आयआयएमच्या ‘कॅट’ परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. खुल्या गटाला पदवीला ५० टक्के गुण लागतात, इतकंच. मग ज्याला रसायनशास्त्राची गोडी आहे किंवा जिला इतिहास आवडतो, त्यांनी ‘पुढे मॅनेजर व्हायचंय’ म्हणून तो विषय दहावीनंतरच का सोडावा? मला तरी हे पटत नाही. हां, घरचं दुकान आहे, गल्ल्यावर बसायला आवडतं, हिशेबात डोकं चालतं, अशा मुलाने खुशाल बीकॉम किंवा बीबीए करावं.

बारावीतच ज्यांचं मन पक्कं झालंय, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. इंदूरच्या आयआयएमने २०११ साली बारावीनंतरचा सलग पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. नंतर रोहतकसारख्या आणखी काही आयआयएमनीही तो आणला. पण पाच वर्षांची फी एकदम डोळ्यांसमोर आणा आणि मगच अर्ज भरा.

आता ‘पदवी’ आणि ‘डिप्लोमा’. एमबीए ही पदवी, तर पीजीडीएम हा पदव्युत्तर डिप्लोमा. विद्यापीठाशी न जोडलेल्या संस्थांना पदवी देता येत नाही, म्हणून त्या डिप्लोमा देतात. डिप्लोमा म्हणजे कमी दर्जाचं, असं समजू नका. अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या आयआयएम १९६१ साली निघाल्या, पण २०१७ चा आयआयएम कायदा येईपर्यंत त्याही डिप्लोमाच देत होत्या! पण म्हणून प्रत्येक पीजीडीएम आयआयएमच्या तोडीचं, असंही नाही. पाहायची ती मान्यता. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची मान्यता आहे का, आणि एमबीए असेल तर कोणत्या विद्यापीठाचं?

माझ्याकडे चौथीत असलेली एक मुलगी पदवीधर होऊन वडिलांबरोबर घरी आली होती. हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक. वडील एक एकर गहाण ठेवायच्या तयारीत होते. मी म्हटलं, ‘फोन लावून एवढंच विचार, सर्टिफिकेटवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येईल?’ पलीकडची व्यक्ती वसतिगृह, एसी वर्ग, परदेशी सहल, सगळं सांगत राहिली, विद्यापीठाचं नाव काही सांगेना! जमीन वाचली. मुलीने पुढच्या वर्षी राज्याची सीईटी दिली आणि सध्या ती एका सरकारी मान्यतेच्या कॉलेजात आहे.

व्यवस्थापन म्हणजे फक्त बँका आणि मोठ्या कंपन्या, असंही नाही. डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९ साली गुजरातमधल्या आणंदला ‘इर्मा’ ही संस्था उभारली, ती खास ग्रामीण व्यवस्थापनासाठी. २०२५ साली संसदेच्या कायद्याने तिथे त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झालं. आपल्या पुण्यातही वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. ज्यांच्या घरी रोज डेअरीला दूध जातं, त्यांना तिथला अभ्यास परका वाटणार नाही. नोकरी करणाऱ्या ताई-दादांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहेतच.

आता एक गणित सोडवा. एका वर्गातल्या दहा मुलांना नोकरी लागली. नऊ जणांना वर्षाला ३ लाख पगार, एकाला ३३ लाख. सरासरी किती? ६० भागिले १०, म्हणजे ६ लाख! जाहिरातीत छापतील, ‘सरासरी पगार ६ लाख’. खोटं एक अक्षर नाही, पण वर्गात ६ लाख मिळालेला एकही मुलगा नाही! म्हणून पगार चढत्या क्रमाने लावले तर मधल्या मुलाला किती मिळाला, ते विचारा. नोकरीसाठी अर्ज केलेले किती आणि लागलेले किती, तेही विचारा. फी विचारताना पहिल्या वर्षाची नको, वसतिगृह-जेवणासकट शेवटच्या वर्षापर्यंतची विचारा.

आणि हो, हे प्रश्न प्रवेशाच्या खिडकीवर विचारून परत फिरू नका. कॉलेजच्या मेसमध्ये किंवा बाहेरच्या चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची मुलं उभी असतात. बाबांना बाजूच्या बाकावर बसवा आणि तुम्ही स्वतः त्यांच्याशी बोला. मुलं मुलांना खरं सांगतात.