चटईएवढ्या जागेतली तालीम

मुंबईतल्या बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांची उठबस, सगळं तेवढ्यात. आजच्या वन-बीएचकेचा हॉलसुद्धा सोफा, टीव्ही आणि कपाट मांडून झाल्यावर फारसा उरत नाही. तरीही व्यायामाला जागा किती लागते, हे एकदा मोजून बघावं. आडवं पडून हात डोक्यामागे ताणले की साधारण सात फूट लांबी, उभं राहून हात पसरले की आपल्या उंचीएवढी रुंदी. टीपॉय भिंतीकडे सरकवला तर एवढी जागा बहुतेक घरांत निघते. घोडं पेंड खातं ते व्यायाम आटोपल्यावर. साधन ठेवायचं कुठे? म्हणून पलंगाखाली, दारामागे किंवा कपाटाच्या तळाशी मावेल तेच घरात आणावं, असा माझा आग्रह आहे.

ट्रेडमिलचा विचार मग आपोआप मागे पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. यातली १५० मिनिटं भरभर चालून किंवा इमारतीचे जिने चढून भरून निघतात. साधनं लागतात ती मुख्यतः त्या दोन दिवसांसाठी.

साधनाविना कमावलेली शरीरं आपल्याकडे काही नवी नाहीत. जोर आणि बैठकांवर तालमी उभ्या राहिल्या, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत, घराघरांत पोचावेत म्हणून आयुष्यभर खटपट केली. पण नीट पाहिलं तर या सगळ्यात शरीर ढकलतं, वाकतं, उठतं. ओढत मात्र नाही. छाती, खांदे, दंडाची मागची बाजू, मांड्या यांना भरपूर काम मिळतं. पाठीचा वरचा भाग आणि दंडाचा पुढचा स्नायू त्या मानाने उपाशी राहतो. तालमीत ही कसर मल्लखांब भरून काढायचा. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेल्या या प्रकारात सगळा खेळ पकडण्याचा आणि अंग वर ओढून घेण्याचा. फ्लॅटमध्ये खांब पुरता येत नाही, आणि दिवसभर लॅपटॉपपुढे खांदे पाडून बसणाऱ्याला तर ओढण्याच्या व्यायामाची गरज सर्वांत जास्त. म्हणून पहिला खर्च त्यावर व्हावा.

त्यासाठी लांब रबरी पट्टा, म्हणजे रेझिस्टन्स बँड, पुरेसा आहे. पाय लांब करून बसायचं, पट्टा दोन्ही तळव्यांभोवती घालायचा, पाठ ताठ ठेवून कोपरं मागे न्यायची. दार नको, खिळा नको. घेताना रंगावर भरवसा ठेवू नये. एका कंपनीचा लाल पट्टा दुसऱ्या कंपनीच्या लाल पट्ट्याएवढाच कडक असेल असं नाही. दुकानात ओढून बघावा. जितका ताणाल तितका तो जड होत जातो, त्यामुळे सुरुवात सोपी वाटली तरी शेवट कठीण असू शकतो. घरी अधूनमधून तो ताणून खिडकीच्या उजेडात धरावा. बारीक चिरा दिसल्या तर सरळ टाकून द्यावा, कारण तुटलेला पट्टा थेट तोंडावर येतो. ऊन आणि तेल हे रबराचे वैरी, तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी तो टांगू नये. दारात अडकवायचाच असेल तर बिजागरीच्या बाजूने अडकवावा, कडी लावावी आणि आपण ओढल्यावर दार आणखी घट्ट मिटेल अशाच बाजूला उभं राहावं.

दुसरी गरज वाढत्या वजनाची. शंभर बैठका मारणाऱ्याचा दम वाढतो, पण ताकद वाढवायची तर ओझंही वाढवावं लागतं. लगेच काही घेण्याची घाई नको. पाच किलो पिठाची पिशवी सॅकमध्ये घालून छातीशी कवटाळली की बैठका बदलतात, आणि लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. महिनाभर हे टिकलं तर डंबेल्स घ्यावेत. आठ ते बारा वेळा उचलता येईल आणि शेवटच्या दोन वेळा जड जातील, ते आपलं वजन. हे प्रत्येक व्यायामाला वेगळं असतं: डोक्यावर पाच किलो नेताना दमणारा माणूस कमरेतून वाकून एका हाताने दहा किलो सहज ओढतो. म्हणून ठरावीक वजनाच्या तीन-चार जोड्यांपेक्षा दांडा आणि बदलत्या प्लेट्सचा एकच संच लहान घराला सोयीचा. त्यात प्लेट्स अडवायला काय दिलं आहे, हे आधी बघावं. फिरवून आवळायचा नट असावा. स्प्रिंगची क्लिप सैल पडली की डोक्यावरून प्लेट निसटते. संच हातात धरून हलवावा, खडखडला तर घेऊ नये. सिमेंट भरलेले प्लॅस्टिकचे डंबेल्स स्वस्त पडतात, पण ते जागा जास्त खातात आणि आपटले की तडकतात. ठरावीक वजनाचेच घ्यायचे असतील तर षटकोनी, रबर चढवलेले घ्यावेत. ते घरंगळत नाहीत, आणि लहान मूल असलेल्या घरात हे फार महत्त्वाचं.

मॅट सहा मिलिमीटरची पुरते. जाड, लुसलुशीत मॅट पाठीला बरी वाटते, पण तिच्यावर एका पायावर उभं राहिलं की घोटा डगमगतो. गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी टाकून जोर मारू नयेत. ती हाताखालून सरकते.

मुद्गलाबद्दल मला विशेष प्रेम आहे. इथून ब्रिटिशांनी तो युरोपात नेला आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याच्या फिरवणुकीची स्पर्धाही झाली. खांद्यासाठी तो उत्तम, पण पंख्याखाली अजिबात नको, गच्ची हवी. दोरीच्या उड्यांनाही डोक्यावर फूटभर मोकळी जागा लागते, आणि खालच्या मजल्यावरची माणसंही लक्षात घ्यावी लागतात.

दाराच्या चौकटीत फक्त दाबून बसवायचा पुलअप बार मी कुणाला सुचवत नाही. चौकट कधी प्लायची असते, कधी गुळगुळीत ग्रॅनाइटची, आणि सगळा भार केवळ घर्षणावर. भिंतीत बसवायचा बार चांगला, मात्र भिंत भक्कम विटांची किंवा काँक्रीटची हवी. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतींत साधे फास्टनर धरत नाहीत, तेव्हा कारागिराला दाखवूनच भोक पाडावं.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी सर्वांत उपयोगी साधन आधीपासूनच आहे: सुमारे सतरा इंच उंचीची, बिनहाताची, न हलणारी खुर्ची. ती भिंतीला टेकवावी, हात छातीवर दुमडून उठबस करावी, श्वास मात्र रोखू नये. ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं, हे फिजिओथेरपिस्टही मोजतात. रक्तदाब, गुडघे किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. उठबस जमू लागली की त्याच खुर्चीवर बसून, सगळ्यात हलका पट्टा पायाखाली धरून, त्यांनाही ओढण्याचा व्यायाम सुरू करता येतो.